फ्लॅट गेला

"फ्लॅट गेला हो सर. आत्ता, अर्ध्या तासापूर्वी. टोकनसुद्धा झालं."

फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून तो बोलत होता आणि मोकळ्या हाताने माझ्याकडे चहा सरकवत होता. त्याच्या पाठीमागच्या फळीवर खिळ्यांच्या तीन ओळी. प्रत्येक खिळ्याला चावी, चावीला पुठ्ठ्याचं लेबल. 'गेलेल्या' फ्लॅटची चावी खालच्या ओळीत तिसऱ्या खिळ्याला लटकत होती आणि पंख्याच्या वाऱ्याने तिचं लेबल गरगर फिरत होतं.

पुण्यात कर्वेनगरमधल्या एका बिल्डिंगच्या जिन्याखाली या ब्रोकरचं ऑफिस आहे. टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, तीन मोबाइल. संपादकांनी यंदा लेखासाठी 'उंबरठा' हा विषय दिला तेव्हा देवळांपासून फाळणीपर्यंत बरंच काही डोक्यात येऊन गेलं. पण त्याच आठवड्यात आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'टू बीएचके, फॅमिली ओन्ली, व्हेज प्रेफर्ड' असा मजकूर पडला आणि वाटलं, उंबरठा तर इथेच आहे. एका फ्लॅटला दहा जण येतात. त्यातल्या चार-पाच जणांना भाडं परवडतं, कागद नीट असतात, नोकरी पक्की असते. मग त्यातला एक कसा ठरतो?

"लोकांना वाटतं, ओनर मला भाडेकरू आणायचे पैसे देतो," ब्रोकर म्हणाला. "भाडेकरू काय, आपोआप येतात. ओनर मला नाही म्हणायचे पैसे देतो. त्याला स्वतःला वाईट व्हायचं नसतं."

नाही म्हणण्याची या धंद्यात एक तयार भाषा आहे. 'फ्लॅट गेला' हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य. 'ओनरचा मुलगा परत येतोय' हे दुसरं. विचारपूस करण्याचीही भाषा आहे. 'पूर्ण नाव सांगा' म्हणजे आडनाव सांगा. आडनावावरून उलगडा झाला नाही तर 'मूळचे कुठले?' तरीही नाही झाला तर 'खाण्यापिण्याचं कसं काय?' जात कुणीच विचारत नाही. तीन प्रश्नांत ती टेबलावर येऊन बसते. जिथे कुणालाही घर मिळतं त्या सोसायटीला 'कॉस्मो' म्हणतात आणि हा शब्द ब्रोकर काहीसा आवाज उतरवून उच्चारतो, जणू ड्रेनेजचा प्रॉब्लेम आहे तिथे. 'डिसेंट फॅमिली' म्हणजे बहुतेक वेळा ओनरसारखीच फॅमिली.

आत्ताच्या फोनवर कोण होतं, मी विचारलं. "दोन मुलं, आयटीतली. चांगली होती," तो म्हणाला. "पण ओनरने सांगून ठेवलंय, बॅचलर नको. मी कशाला त्यांना बॅचलर म्हणून दुखवू? फ्लॅट गेला म्हटलं की विषय संपला."

काकूंची वही

आमच्या मागच्या गल्लीतल्या काकू एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाल्या. एकतीस वर्षं नोकरी. स्वतः पहिल्या मजल्यावर राहतात, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मुलासाठी घेतलेला. मुलगा बंगळुरूला स्थिरावला, त्यामुळे तो भाड्याने जातो. यंदा मे अखेरीस तो रिकामा झाला. भाडं 26 हजार, डिपॉझिट 75 हजार. मी लेखासाठी घरमालक शोधत होते, तेव्हा काकू म्हणाल्या, "नुसती बघत काय बसतेस, कामाला लाग. मला कारकून हवाय."

काकूंकडे शंभरपानी वही होती. डाव्या पानावर त्यांनी अटी लिहून खाली सही आणि तारीख टाकली होती. जाहिरात देण्याच्या आदल्या दिवशीची तारीख. "आधी अटी, मग माणसं. उलटं केलंस की अटी माणसाच्या मापाने शिवल्या जातात," हे त्यांचं म्हणणं. कर्जाच्या फायली बघून आलेलं शहाणपण. "माझी बुडालेली कर्जं आठव म्हटलं तर मला चेहरे आठवतात. किती छान बोलायचे! कागद बघून दिलेली बुडाली, नाही असं नाही. पण चेहरा बघून दिलेली जास्त लागली जिवाला."

अटी साध्या होत्या. घरातल्या सगळ्या कमावत्यांचा मिळून हाती येणारा पगार धरायचा आणि भाडं त्याच्या 40 टक्क्यांच्या आत बसलं पाहिजे. पाचपेक्षा जास्त माणसं नकोत, कारण पाण्याची टाकी तेवढीच आहे. निदान अकरा महिने राहायची तयारी हवी. आणि आधीच्या घरमालकाशी किंवा नोकरीच्या ठिकाणी एक फोन.

यातल्या 'सगळ्या कमावत्यांचा मिळून' या शब्दांवर आमचा अर्धा तास गेला. काकूंनी आधी 'कुटुंबप्रमुखाचा पगार' असं लिहिलं होतं. बँकेच्या फॉर्ममधला शब्द, हाताला चिकटलेला. पण तसं लिहिलं असतं तर दोघी बहिणी, भाऊ-बहीण, आई आणि मुलगी असे सगळे न बोलता बाद झाले असते. आधीच्या घरमालकाच्या फोनचंही तसंच. जो पहिल्यांदा शहरात आलाय त्याचा आधीचा घरमालक कुठून आणायचा? म्हणून 'किंवा नोकरीच्या ठिकाणी' हे मागाहून घातलं. अट निर्जीव दिसते, पण तिलाही आवडनिवड असते.

आणि मग खोडलेली ओळ. 'मांसाहार चालणार नाही.' ती पहिल्या खेपेला होती, जाड पेनाने. काकू शाकाहारी, वरच्या मजल्यावरचा वास जिन्यातून खाली येतो. माझं मत मी सांगितलं: स्वतःच्या स्वयंपाकघरात पेइंग गेस्ट ठेवणाऱ्याने ही अट घातली तर समजू शकतं, पण दार-कुलूप वेगळं असलेल्या घरात भाडेकरूने काय शिजवावं हे आपण ठरवायचं नाही. शिवाय आपल्याकडे ताटावरून माणूस ओळखायची रीत जुनी आहे, त्यामुळे या एका ओळीत कोण कोण बाहेर राहतं हे दोघींनाही माहीत होतं. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन येऊन वरच्या ओट्याशेजारी एक्झॉस्ट पंखा बसवून गेला आणि ओळ खोडली गेली. "पटलंय असं समजू नकोस," त्या म्हणाल्या. "वासाचा प्रॉब्लेम होता, वासाचा सोडवला."

माझं काम नावं झाकण्याचं होतं. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकेवर नंबर झाकायला स्टिकर लावतात, तसं. फोन मी घ्यायचे, घर मी दाखवायचं, कागद मी बघायचे आणि वहीच्या उजव्या पानावर फक्त क्रमांक, माणसं, पगार, तारीख, फोन केला की नाही, एवढंच लिहायचं. दुसऱ्याच दिवशी काकूंनी मला पकडलं. एका क्रमांकापुढे मी बारीक अक्षरात 'घर नीट ठेवतील असं वाटतं' असं लिहिलं होतं.

"हा रकाना कुठला?"

रकाना नव्हताच. त्या बाईंनी आत येताना चपला भिंतीला लावून ठेवल्या, माझ्या आईसारखं 'येते हं' म्हणून निघाल्या, आणि माझं पेन आपोआप चाललं. काकूंनी पट्टी लावून ओळ खोडली.

भीतीचं मूळ

घरमालकांना गाठून बोलायला लागलं की दहा मिनिटांत एकच गोष्ट वर येते: भाडेकरू उठला नाही तर? मुंबईत, पुण्यात ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांच्यासाठी ही ऐकीव भीती नाही. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीशी बांधून टाकली. युद्धानंतरच्या टंचाईतला तात्पुरता उपाय, तो पन्नास वर्षं मुदतवाढ घेत राहिला. पेठांमधल्या वाड्यांत महिन्याला पंधरा-वीस रुपये भाडं देणारी कुटुंबं आणि छप्पर शाकारायलाही पैसे नसलेले मालक, दोघे एकाच गळक्या कौलांखाली म्हातारे झाले. मालकांनी यातून पळवाट काढली ती 'लिव्ह अँड लायसन्स'ची, म्हणजे भाडेकरू नव्हे, परवानगीने राहणारा. तर 1973 मध्ये कायद्यात दुरुस्ती आली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी ज्यांचा असा करार चालू होता ते सगळे एका फटक्यात संरक्षित भाडेकरू ठरले. रात्री पाहुणा म्हणून झोपलेला सकाळी कायमचा झाला, असं एका मालकांनी मला सांगितलं. त्यांच्या वडिलांचं घर होतं ते.

या भीतीतून घरमालकाचा स्वभाव घडला. घर देताना तो घरात कोण राहील याचा विचार नंतर करतो; हा माणूस निघेल का, याचा आधी. मग वळण, घराणं, ओळख, 'आपल्यातला' असणं याला किंमत येते. आपल्यातला असला तर मामाकडून शब्द टाकता येईल, लग्नकार्यात गाठता येईल. कोर्टावरचा विश्वास उडाला की माणूस नातेवाइकांचं कोर्ट शोधतो.

गंमत अशी की ज्या कायद्याची ही भीती, तो जाऊन पाव शतक उलटलं. 31 मार्च 2000 पासून 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 24 प्रमाणे लायसन्सची मुदत संपल्यावर राहणाऱ्याने घर सोडायचं असतं. नाही सोडलं तर मालकाला दिवाणी कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि जास्तीच्या दिवसांची दुप्पट दराने भरपाई मागता येते. प्रत्यक्षात वेळ लागतो, चकरा होतात, हे खरं. पण घर कायमचं गेलं, ही 1973 ची गोष्ट आज होत नाही. कायदा बदलला तरी भीतीने भाडेकराराचं नूतनीकरण करून घेतलं आहे.

अकरा महिन्यांची सवयही तशीच. नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोक अकरा महिन्यांवर थांबायचे आणि स्टॅम्प पेपरवर सह्या करून मोकळे व्हायचे. आपल्या राज्यात 1999 च्या कायद्याच्या कलम 55 ने ही खिडकी बंद केली. करार अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा, लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वर वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं. चारित्र्य तपासण्यात महिना घालवणारे कितीतरी मालक हा एक कागद मात्र 'बघू नंतर' म्हणून टाळतात. माझ्या मते त्यांनी भाडेकरूच्या खाण्यापिण्याची चौकशी करण्यापेक्षा हजार रुपये नोंदणी शुल्क भरावं.

अंगठा

करार नोंदवणाऱ्या एजंटाबरोबर मी एक रविवार फिरले. स्कूटरच्या डिकीत लॅपटॉप, वेबकॅम, अंगठ्याचं यंत्र आणि ओल्या टिश्यूंचं पाकीट. हल्ली हे सगळं घरबसल्या होतं. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचे फोटो आणि आधारला जोडलेले अंगठे. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का. डिपॉझिटवर दहा टक्के व्याज धरून ते त्यात मिळवतात. काकूंच्या फ्लॅटचं गणित त्याने स्कूटरवर बसल्या बसल्या केलं: साडेसातशेच्या आतबाहेर.

वारज्यात एका आजोबांचा अंगठा काही केल्या उमटेना. भांडी घासून, शेतात राबून, नुसतं वय होऊन रेषा पुसट होतात. पहिला अंगठा, दुसरा, मग दहाही बोटं. एजंट टिश्यूने पुसतोय, आजोबा बोट पँटला घासतायत, लॅपटॉप लाल फुली दाखवतोय. शेवटी भाडेकरू मुलीने पर्समधून व्हॅसलिन काढलं, आजोबांच्या तर्जनीला चोळलं आणि हिरवी खूण आली. या मुलीला आजोबांनी घर का दिलं, मी विचारलं. "पहिली तीच आली होती," आजोबा म्हणाले. दुसरं कारण त्यांना सुचलंच नव्हतं. अशी माणसंही आहेत, पण त्यांच्यावर लेख निघत नाही.

याच चकरांमध्ये सोसायट्यांची मजा दिसली. एका ठिकाणी सेक्रेटरींनी भाडेकरूंची 'मुलाखत' घेतली. खुर्चीवर ते, समोर स्टुलावर नवरा-बायको, भिंतीवर गणपती. पार्ट्या करता का, पाहुणे किती येतात, मूल कधी. आदर्श उपविधींनुसार सभासदाने घर भाड्याने देताना सोसायटीला कळवायचं असतं, कराराची प्रत द्यायची असते. परवानगी मागायची नसते. सोसायटी फार तर ना-वहिवाट शुल्क घेऊ शकते, तेही 2001 च्या शासकीय आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत. पण 'बॅचलरांना बंदी' असा ठराव फळ्यावर लावलेला असतो आणि मालक तो वाचून हुश्श करतो. नाही म्हणायला आणखी एक आडोसा मिळाला. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं आवश्यक आहे, ती द्यावीच. पण तो माहितीचा फॉर्म आहे. त्याला चारित्र्याचा दाखला समजून भाडेकरूलाच 'आधी पोलिसांकडून चांगलं लिहून आण' म्हणणारेही मला भेटले.

मी नाव आधी सांगते

माझी एक सहकारी आहे, मुस्लिम, वीस वर्षं पत्रकारितेत. पुण्यात पाच घरं बदलली. तिची पद्धत ठरलेली आहे. फोन उचलला गेला की पहिल्या वाक्यात पूर्ण नाव. "घर बघायचं, खिडकी आवडायची, टेबल कुठे ठेवायचं ते मनात ठरवायचं आणि मग नाव सांगितल्यावर फ्लॅट गेलेला असायचा. त्यापेक्षा आधीच जाऊ दे." ती हे हसून सांगते. तिने याचा हिशेबही ठेवला होता काही दिवस. मग सोडून दिला.

हिशेब ठेवणाऱ्यांनी तो ठेवला आहे. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत केलेली पाहणी 2015 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आली. सारख्याच परिस्थितीची माणसं, फक्त नावं वेगळी. काहींनी फोन केले, काही प्रत्यक्ष गेली. उच्चवर्णीय हिंदू नावांना फोनवर जवळपास कुठेच नकार नाही. दलित नावांना काही ठिकाणी, मुस्लिम नावांना त्याहून जास्त. आणि 'हो' मिळालं तिथेही अटी वेगळ्या, भाडं चढं.

कायदा काय म्हणतो? फार थोडं. संविधानाच्या 15 (2) कलमात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, रस्ते आहेत. भाड्याचं घर नाही. अस्पृश्यतेच्या कारणाने कुणाला घरात राहण्यापासून अडवलं तर 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा होतो, पण 'फ्लॅट गेला' या दोन शब्दांतून अस्पृश्यता सिद्ध कोण करणार? एचआयव्हीबाधितांसाठी 2017 च्या आणि तृतीयपंथीयांसाठी 2019 च्या कायद्यात घर भाड्याने देताना भेदभाव करू नये असं स्पष्ट लिहिलं आहे. धर्मासाठी, एकट्या बाईसाठी, बॅचलरसाठी असं कुठेच लिहिलेलं नाही. उलट 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवण्याची मोकळीक दिली. म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न सध्या तरी घरमालकाच्या वहीतच सुटायचा आहे, किंवा सुटायचा नाही.

मी कुठे उभी आहे तेही सांगून टाकते. 1996 मध्ये सांगलीहून पुण्यात आले तेव्हा 'एकट्या मुलीला नको' हे मी सात ठिकाणी ऐकलं. आणि 2014 मध्ये आईचा फ्लॅट रिकामा झाला तेव्हा आलेल्या तिघांपैकी दोघांना मी परत पाठवलं आणि तिसऱ्यांना दिला. कारण? 'बरे वाटले.' ते बरेच निघाले. भाडं वेळेवर, भिंतीला खिळा नाही. इतकी वर्षं मी हे माझ्या पारखीचं यश समजत होते. पण ज्या दोघांना नाही म्हटलं ते कसे निघाले असते, हे मला कधीच कळणार नाही. नाकारलेल्या भाडेकरूला चांगलं ठरायची सोयच नसते. घरमालकाचा 'अनुभव' म्हणून जो सांगितला जातो तो असा एकाच बाजूने भरत जातो, आणि वर्षागणिक त्याला वजन येतं.

सिएटलचं घड्याळ

माझा भाचा रेडमंडला असतो, मायक्रोसॉफ्टच्या गावात. शेजारच्या सिएटल शहरात त्याने छोटं घर घेऊन भाड्याने दिलं आहे. व्हिडिओ कॉलवर त्याला काकूंची वही दाखवली तर तो म्हणाला, "मावशी, हे तर आमच्याकडे कायद्यात आहे."

सिएटल शहराने 2016 मध्ये नियम केला. घरमालकाने आपल्या अटी आधीच लेखी जाहीर करायच्या, आलेल्या प्रत्येक अर्जावर तारीख-वेळ टाकायची आणि अटींत बसणारा जो पहिला अर्जदार असेल त्यालाच घर देऊ करायचं. मनाला काय वाटलं, याला जागाच ठेवली नाही. घरमालक कोर्टात गेले: घर आमचं, निवड आमची. 2018 मध्ये खालच्या कोर्टाने नियम रद्द केला, 2019 च्या नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. त्याच शहराने 2023 मध्ये जातीवरून भेदभावाला बंदी घातली, घरांच्या बाबतीतही. अमेरिकेतलं असं पहिलं शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत जन्माने पुण्याच्या, मुंबईत वाढलेल्या. आडनावाचा आणि 'मूळचे कुठले'चा अर्थ कळणारं कुणीतरी त्या सभागृहात होतं.

काकूंना घड्याळ मात्र पटलं नाही. "पहिला कोण येणार? ज्याला दुपारी दोन वाजता घर बघायला सवड आहे तो. नाहीतर ब्रोकरच्या खिशातला." तिकडेही नेमका हाच आक्षेप घेतला गेला होता. सतत फोनकडे डोळे लावून बसता येणारा जिंकतो; दोन पाळ्यांत काम करणारी बाई संध्याकाळी अर्ज भरेपर्यंत घर गेलेलं असतं, यावेळी खरोखरीच गेलेलं.

"मग?"

"म्हाडा," काकू म्हणाल्या.

म्हाडाच्या सोडतीतली घरं विकायची असतात, पण तत्त्व काकूंच्या कामाचं होतं. पूर्वी सोडत आधी निघायची आणि कागद नंतर तपासले जायचे. नाव लागलेला माणूस पेढे वाटून झाल्यावर अपात्र ठरायचा. 2023 पासून नव्या संगणक प्रणालीत आधी पात्रता तपासतात आणि पात्र ठरलेलेच सोडतीत जातात. काकूंनी जाहिरातीतच लिहिलं होतं की रविवारी संध्याकाळी सातपर्यंत कागद देणाऱ्या सगळ्यांचा विचार होईल. सात वाजेपर्यंत सगळे सारखे. अटींत बसणारे एकाहून जास्त असले तर चिठ्ठी. जास्त भाडं देऊ करणाऱ्यालाही वेगळा भाव नाही. तशी एक पार्टी आली होती, दोन हजार वर द्यायला तयार. "26 लिहिलंय ना? मग 26," काकू म्हणाल्या. हा भाग मला पचायला जरा जड गेला. वर्षाचे चोवीस हजार होतात.

चार नंबर

एकोणीस फोन आले. आठ जण घर बघून गेले. रविवारी सात वाजता वहीत चार क्रमांक अटींत बसत होते. काकूंना ते क्रमांक होते, मला माणसं.

एक, नागपूरचं जोडपं, दोघं हिंजवडीत. दोन, उदगीरची नर्स आणि तिचा धाकटा भाऊ. दोघांचा मिळून पगार 70 हजार, भाडं सदतीस टक्क्यांवर बसत होतं. तीन, रिडेव्हलपमेंटला बिल्डिंग गेलेलं निवृत्त जोडपं. बिल्डर भाडं देणार, इमारत झाली की जाणार. ब्रोकर लोक अशांना लॉटरी म्हणतात. चार, सोलापूरचे प्राध्यापक, बायको शाळेत शिक्षिका, एक मुलगी. त्यांनी पहिल्या फोनवर, पहिल्याच वाक्यात नाव सांगितलं होतं, माझ्या सहकारिणीसारखं. आणि घर बघून झाल्यावर जिन्यात थांबून विचारलं होतं, "मॅडम, नक्की चालेल ना? नाहीतर मुलीला दाखवायला आणत नाही."

काकूंकडे महिन्याची भिशी असते, त्यामुळे चिठ्ठ्या टाकायची वाटी घरात ठरलेली होती: स्टीलची, काठाला पोचा आलेली. वहीच्या मागच्या पानाचे चार सारखे तुकडे, प्रत्येकाला सारख्या घड्या. समोरच्या फ्लॅटमधल्या सात वर्षांच्या मुलाला बोलावलं. गावाकडे सरपंचपदाच्या आरक्षणाला शाळेतलं पोरच बोलावतात, तेच. त्याने आधी चारही चिठ्ठ्या ढवळल्या, मग डोळे गच्च मिटून एक काढली आणि दुसऱ्या हाताने बशीतला लाडू उचलला.

तीन.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "कोण आहेत?" मी सांगितलं. त्या एकदम हसायलाच लागल्या. "अगं, मग एवढं सगळं कशाला केलं? डोळे झाकून यांनाच दिलं असतं की मी."

दिलं असतं. कुणीही दिलं असतं.

उरलेल्या तिघांना कळवणं माझ्याकडे होतं. नागपूरच्या जोडप्याला तोवर बाणेरला घर मिळालं होतं. नर्स ड्यूटीवर होती, भावाने फोन घेतला आणि 'ठीक आहे ताई' म्हणून ठेवला. प्राध्यापकांना फोन लावताना मी खुर्चीवरून उठून गॅलरीत गेले.

"सर, तुमचे सगळे कागद बरोबर होते. चार जण अटींत बसत होते. आम्ही चिठ्ठी टाकली, ती दुसऱ्यांना लागली."

पलीकडे थोडा वेळ नुसता रस्त्याचा आवाज.

"चिठ्ठी," ते म्हणाले. "बरं. हे नवीन आहे."

"खरंच सर, चिठ्ठीच टाकली. मी स्वतः होते तिथे."

"हो हो, मॅडम. असेल ना." आवाज अगदी समजूतदार होता. मलाच सावरून घेत असल्यासारखा. "दुसरीकडे कुठे कळलं तर सांगाल."